राफाएल गेल्यावर मागे उरलेली पोरं

एकवीस वर्षांचा एक मुलगा न्हाव्याकडच्या आरशात स्वतःला बघतोय. आरसा सपाट नाही, मध्ये फुगलेला आहे. घाटात वळणावर समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून गोल आरसा लावलेला असतो ना, तसा. त्यात खोलीचं छत वाकलंय, खिडकी एका कडेला जाऊन बसलीय आणि आरशाजवळचा हात चेहऱ्यापेक्षा मोठा दिसतोय. दुसरा कुणी असता तर हसून पुढे गेला असता. हा मुलगा सुताराकडून लाकडाचा चेंडू करून घेतो, तो मधोमध कापतो आणि अर्ध्या चेंडूच्या फुगीर बाजूवर आरशात दिसलं तस्सं रंगवतो. वाकलेलं छत, पळालेली खिडकी, तो अवाढव्य हात, सगळं. मधोमध चेहरा मात्र शांत, देखणा, जरासा शिष्ट.

इटलीतल्या पार्मा गावचा हा फ्रान्चेस्को मात्सोला. गावावरून त्याला सगळे पार्मिजानीनो म्हणायचे, म्हणजे ‘पार्माचा छोटू’. साल साधारण १५२४. चित्र आज व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे आणि आहे जेमतेम २४ सेंटिमीटर रुंद, नाश्त्याच्या ताटलीएवढं. फोनच्या पॉइंट फाइव्ह लेन्सने मित्राचं नाक मोठं करून काढलेला फोटो आठवतोय? हा पोरगा ते ५०० वर्षांपूर्वी ब्रशने करत होता, आणि गंमत म्हणून नव्हे. हे चित्र त्याचा पोर्टफोलिओ होता. ते घेऊन तो रोमला गेला आणि थेट पोप सातव्या क्लेमेंटपुढे ठेवलं. पोप चाट पडला. रोममध्ये लोक म्हणायला लागले, राफाएलचा आत्मा या पोराच्या अंगात आलाय.

कौतुक होतं खरं, पण घोळही तिथेच होता. राफाएलला जाऊन अवघी चार वर्षं झाली होती.

कला इतिहासाच्या नोट्समध्ये या काळाला बहुतेकदा दोन ओळी मिळतात. रेनेसाँ संपला, मग ‘मॅनरिझम’ नावाचं काहीतरी कृत्रिम झालं, मग बरोक आला. चला पुढे. मला या दोन ओळी फार अन्यायाच्या वाटतात, कारण त्यांच्यात एक अख्खी पिढी दडपली गेलीय. पंचविशीतली, हुशार आणि चुकीच्या वेळी जन्मलेली.

चुकीच्या वेळी म्हणजे काय, ते बघा. लिओनार्दो १५१९ मध्ये गेला, राफाएल १५२० मध्ये, वय ३७. सिस्टाइन चॅपलच्या छतावरचं मायकेलअँजेलोचं काम १५१२ मध्येच पुरं होऊन लोकांसमोर आलं होतं. दोनशे वर्षं इटलीतले चित्रकार ज्या गणितांशी झटत होते, म्हणजे खोली कशी दाखवायची, स्नायू कसे वळतात, उजेड चेहऱ्यावरून कसा ओघळतो, ती सगळी सुटली होती. आणि सुटली होती ती अशी की पुढे काही जोडायला जागाच उरली नव्हती. घरात थोरली ताई बोर्डात आलेली असावी आणि धाकट्याला रोज त्याच शाळेत, त्याच बाईंसमोर बसायला लागावं, तसं काहीसं. त्यात मायकेलअँजेलो तर कुठे गेलाच नाही. तो १५६४ पर्यंत जगला. म्हणजे ताई घरातच, आणि अजून मेडल आणतेच आहे.

मग या पोरांनी काय करायचं? राफाएलसारखं काढायचं तर राफाएल आहेच. त्यांनी वेगळीच वाट धरली. सुटलेलं गणित घेऊन ते मुद्दाम मोडायला लागले. मान लांब केली. शरीर पळीसारखं नाही तर नागासारखं वळवलं. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, नजर तिसरीकडेच. रंग फळांचे न ठेवता सरबतांचे केले. दहा माणसं अशा जागेत उभी केली जिथे चारही मावणार नाहीत. यातली एकही गोष्ट हात कच्चा म्हणून झालेली नाही, हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या, नाहीतर पुढची चित्रं नुसती चुकलेली वाटतील.

मॅनरिझम हा शब्द आपण मराठीत कुणासाठी वापरतो? नटांसाठी. अमुक हिरोचे मॅनरिझम, म्हणजे केस मागे सारायची लकब, वाक्य अर्ध्यात तोडायची सवय. थोडं कौतुक, थोडी टवाळी. चित्रकलेतही या शब्दाचं हेच झालं. मूळ इटालियन शब्द ‘मानिएरा’. चित्रकार जोर्जो वाझारी याने १५५० मध्ये कलावंतांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ छापला, त्यात हा शब्द जागोजागी आहे आणि बहुतेक वेळा स्तुतीसाठीच. या शब्दाच्या मुळाशी ‘हात’ आहे. आपल्याकडे ‘हातोटी’ म्हणतात ना, अगदी तेच. एखाद्याला काम नुसतं येत नाही, त्याची हातोटी आहे. पण हातोटीची सवय झाली, सवयीचा छाप झाला, की टवाळी सुरू होते. सतराव्या शतकातल्या टीकाकारांनी तेच केलं. निसर्ग बघायचं सोडून हे लोक एकमेकांची चित्रं बघून चित्रं काढतात, असा त्यांचा आरोप. मॅनरिझम म्हणजे उतार, हा शिक्का पुढे जवळपास तीनशे वर्षं टिकला.

आरोप सगळाच खोटा नाही, हे मान्य करायला हवं. वाझारीनेच रोममधल्या एका राजवाड्याचा भला मोठा हॉल १५४६ मध्ये शंभर दिवसांत रंगवून काढला आणि ते अभिमानाने सांगितलं. त्यावर मायकेलअँजेलो एवढंच म्हणाला म्हणतात की, हो, दिसतंयच. हॉलचं नावही ‘शंभर दिवसांचा हॉल’ असंच पडलं. भिंतीवर पिळदार अंगांची गर्दी आहे, पण त्यातलं एकही अंग कुणाचं नाही. अशी चित्रं त्या शतकात ढिगाने झाली. ती सोडून द्या.

रोस्सो फिओरेन्तिनोची मात्र सोडू नका. ‘रोस्सो’ म्हणजे तांबडा. केस लाल होते म्हणून हे नाव. १४९४ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये जन्मला. चोविशीत त्याला एका मोठ्या इस्पितळाच्या प्रमुखाकडून वेदीमागच्या चित्राचं काम मिळालं. मेरी, बाळ आणि भोवती चार संत. नेहमीचंच काम. चित्र अर्धवट असताना गिऱ्हाईक बघायला आलं. वाझारी लिहितो की ते संत त्या गृहस्थांना चक्क सैतान वाटले. फसवणूक झाली म्हणत ते घराबाहेर पळाले आणि चित्र नको म्हणून सांगितलं. चित्र आज उफिझी गॅलरीत आहे. त्यातल्या म्हाताऱ्या संत जेरोमची हाडं निघालेली छाती आणि काटक्यांसारखी बोटं बघितली की त्या गृहस्थांची थोडी दयाच येते.

तीन वर्षांनी, १५२१ मध्ये, रोस्सोने व्होल्तेरा गावासाठी ख्रिस्ताला क्रूसावरून उतरवतानाचं चित्र केलं. कधी शोधून बघा. शिड्या तिरक्या, माणसं तिरकी, कपड्यांच्या घड्या कागद दुमडावा तशा कडक. वर चाललेला गोंधळ इतका की ख्रिस्ताचं अंग आता निसटेल असं वाटतं. आणि खाली उजवीकडे तरुण योहान दोन्ही हातांत तोंड लपवून, पाठ वळवून चालता झालाय. त्याचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. रडणाऱ्या माणसाला असं एकटं सोडणं राफाएलला जमलं नसतं असं मी म्हणणार नाही, पण त्याने ते केलं नाही.

मग १५२७ साल आलं. ६ मे रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सचं सैन्य रोममध्ये घुसलं. कित्येक महिने पगार न मिळालेले सैनिक, त्यात स्पॅनिश होते, जर्मन होते, आणि जर्मनांतले बरेच ल्यूथरचे अनुयायी. शहर लुटलं गेलं, हजारोंनी माणसं मेली, पोप किल्ल्यात लपून बसला. व्हॅटिकनमध्ये राफाएलच्या भित्तिचित्रावर कुणी तरी टोकाने ल्यूथरचं नाव कोरून ठेवलं, त्याच्या खुणा अजून आहेत. रोस्सो तेव्हा रोममध्येच होता. सैनिकांनी त्याला पकडलं, कपडे काढून घेतले आणि अनवाणी ओझी वाहायला लावली. तो कसाबसा निसटला, गावोगाव फिरला आणि १५३० मध्ये फ्रान्सच्या राजाकडे पोचला. फोन्तेनब्लोच्या राजवाड्यातली प्रसिद्ध गॅलरी त्याची.

आपला आरशातला पोरगाही तिथेच होता. सैनिक घरात शिरले तेव्हा पार्मिजानीनो एका मोठ्या चित्रावर काम करत होता. वाझारी सांगतो की चित्र बघून सैनिक इतके थक्क झाले की त्यांनी त्याला काम करू दिलं. खंडणी म्हणून ढीगभर रेखाटनं काढून घेतली, एवढंच. दुसऱ्या टोळीने मात्र पुढे पैसे वसूल केलेच. चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. किस्सा रंगवलेला असेलही. वाझारीला मसाला घालायची हौस होती.

इथे एक सोपं स्पष्टीकरण हाताशी येतं. जग कोसळलं म्हणून चित्रंही वाकडी झाली. परीक्षेत लिहायला झकास आहे, दहापैकी सात मार्क नक्की. पण तारखा जुळत नाहीत. रोस्सोचे सैतानी संत १५१८ चे, व्होल्तेराचं चित्र १५२१ चं, आरसा १५२४ चा. पोरं आधीच अस्वस्थ होती. रोम नंतर लुटलं गेलं.

रोममधून पळालेला पार्मिजानीनो आधी बोलोन्याला आणि मग पार्माला परत गेला. १५३४ मध्ये एलेना बायार्दी नावाच्या बाईंनी त्याला चर्चसाठी चित्र सांगितलं. तेच ते ‘लांब मानेची मॅडोना’. नाव नंतर लोकांनी ठेवलं, पण दुसरं काही ठेवताच आलं नसतं. मेरीची मान बगळ्यासारखी, बोटं लांबच लांब, आणि मांडीवरचं बाळ एवढं मोठं की ते घसरून खाली येईल की काय अशी धास्ती वाटते. डावीकडे देवदूतांची दाटी. उजवीकडे जवळजवळ मोकळं. एक संगमरवरी खांब, जो कशालाही आधार देत नाही, आणि त्याच्या पायाशी गुंडाळी उलगडून उभा असलेला चिमुकला म्हातारा संत. तो लांब आहे म्हणून छोटा, की मुळातच छोटा? कळायला मार्ग नाही. नीट बघितलं तर त्याच्या शेजारी एक पाऊल दिसतं. नुसतं पाऊल, त्यावर माणूस नाही. तिथे दुसरा संत यायचा होता, तो राहूनच गेला.

राहून गेला कारण पार्मिजानीनो दुसऱ्याच कामात अडकला होता. पार्मातल्याच दुसऱ्या चर्चच्या कमानी रंगवायचं कंत्राट त्याने १५३१ मध्ये घेतलं होतं. मुदत उलटली, वर्षं उलटली, काम पुरं होईना. चर्चवाल्यांनी शेवटी त्याला कैदेत टाकलं. सुटल्यावर तो जवळच्या कासालमाज्जोरे गावी पळाला आणि १५४० मध्ये तापाने वारला. वाझारीच्या म्हणण्यानुसार तो किमयेच्या नादी लागला होता, पाऱ्याचं काहीबाही करत बसायचा, आणि तो नाजूक देखणा मुलगा शेवटी दाढी वाढलेला, रानटी दिसणारा माणूस झाला होता. वय ३७. राफाएलएवढंच. मॅडोनाच्या चित्रावर नंतर कुणी तरी लॅटिनमध्ये लिहून ठेवलं की नशीब आड आल्यामुळे पार्माच्या मात्सोलाला हे पुरं करता आलं नाही.

ब्रॉन्झिनोबद्दल थोडक्यात, कारण तो मला आवडतो त्यापेक्षा त्याचा मला धाकच जास्त वाटतो. फ्लॉरेन्समध्ये प्रजासत्ताक संपून मेदिचींची सरदारकी पक्की झाली, तेव्हाचा हा दरबारी चित्रकार. त्याने १५४५ च्या सुमारास काढलेलं ड्यूकच्या बायकोचं, एलेओनोराचं चित्र बघा. किनखापी ड्रेसचा धागा न् धागा दिसतो, आणि चेहऱ्यावर काहीही दिसत नाही. मनातलं तोंडावर आणणं परवडणार नाही अशा घरातली ही बाई आणि तिच्याजवळ उभा छोटा जोव्हान्नी. १५६२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही मलेरियाने गेले. तिला याच ड्रेसमध्ये पुरलं अशी दंतकथा होती. थडगं उघडलं तेव्हा निघाला दुसराच. आणि हो, माँटी पायथनच्या सुरुवातीला वरून येऊन सगळं चिरडणारं ते पाऊल माहितीय? ते ब्रॉन्झिनोच्याच एका चित्रातल्या मदनाचं आहे.

या ब्रॉन्झिनोचा गुरू, जवळजवळ बाप, म्हणजे याकोपो पोन्तोर्मो. खरं तर त्याच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

जन्म १४९४, रोस्सोच्याच वयाचा. लहानपणीच आईवडील गेले, आजीने काही वर्षं सांभाळलं, मग फ्लॉरेन्समध्ये एकामागून एक उस्तादांकडे उमेदवारी. काही दिवस खुद्द लिओनार्दोकडेही. १९ वर्षांचा असताना त्याचं भिंतीवरचं काम मायकेलअँजेलोने पाहिलं आणि हा मुलगा जगला-वाचला तर चित्रकला आभाळाला नेईल, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. १९ व्या वर्षी असं कुणी आपल्याबद्दल बोलणं हे वरदान की संकट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

१५२५ मध्ये लुदोव्हिको काप्पोनी या सावकाराने त्याला आपलं खासगी चॅपल रंगवायला दिलं. पोन्ते व्हेक्कियो या जुन्या पुलापासून दोन मिनिटांवरचं सान्ता फेलिचिता चर्च, आत शिरल्यावर उजव्या हाताला पहिलंच चॅपल. पोन्तोर्मोने ते फळ्यांनी बंद करून घेतलं आणि तीन वर्षं कुणालाही आत सोडलं नाही. मालकालासुद्धा नाही. १५२८ मध्ये पडदा उघडला तेव्हा अख्खं शहर बुचकळ्यात पडलं.

विषय तोच, ख्रिस्ताला उतरवून नेणं. पण क्रूस नाही. शिडी नाही. डोंगर नाही, थडगं नाही. मागे एक छोटासा ढग, बस. अकरा माणसं एकमेकांत गुंतून उंच उंच रचलेली, आणि त्या सगळ्यांचा भार कशावर आहे? पुढच्या मुलाच्या चवड्यांवर. तो उकिडवा बसलाय, खांद्यावर ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि टाचा उचललेल्या आहेत. असं कुणालाही पेलता येणार नाही. जिममध्ये जाणाऱ्याने करून बघावं. गुलाबी, आकाशी, नारिंगी असे रंग आहेत, शोकाच्या चित्रात कुणी वापरत नव्हतं असे. त्या मुलाच्या अंगातला गुलाबी कपडा कातडीसारखा चिकटलाय, कपडा कुठे संपतो न् अंग कुठे सुरू होतं ते कळत नाही. सावल्या जवळजवळ नाहीतच. वाझारीने नेमकी तीच तक्रार केली की उजेड आणि अंधार यात फरकच करता येत नाही.

पण चेहरे बघा. तो चवड्यांवरचा मुलगा आपल्याकडे बघतोय. ओझ्याने त्याचा चेहरा वाकडा झालेला नाही. काय झालंय ते त्याला अजून उमगलेलं नाही, असा तो आहे. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिथे असे चेहरे आपण पाहिलेले असतात. पायाखाली जमीन आहे की नाही याचं भान नसतं, आणि कामं मात्र चालू असतात. कुणी तरी उचलतं, कुणी तरी धरतं. अगदी उजवीकडे कडेला एक दाढीवाला माणूस घोळक्याच्या बाहेर बघत उभा आहे. तो स्वतः पोन्तोर्मो, असं मानतात.

विसाव्या शतकात या चित्रांकडे पुन्हा लक्ष गेलं. १९२० च्या आसपास जर्मन भाषेत लिहिणाऱ्या अभ्यासकांनी ‘उतार’ हा शिक्का पुसायला घेतला. पहिल्या महायुद्धातून बाहेर पडलेल्या माणसांना पोन्तोर्मो आणि एल ग्रेको एकदम ओळखीचे वाटले, यात नवल नाही. पुढे पाझोलिनीने १९६३ च्या ‘ला रिकोत्ता’ या छोट्या सिनेमात रोस्सो आणि पोन्तोर्मो दोघांची ही चित्रं खरी माणसं उभी करून दाखवली. माणसं हलतात, हसतात, ओझं सांडतं. त्या रचना पेलता येत नाहीत, याचा तो पुरावाच म्हणा.

पोन्तोर्मोचं शेवटचं काम म्हणजे सान लोरेन्झो चर्चच्या मुख्य भागातली भित्तिचित्रं. मेदिचींचं घरचं चर्च ते. १५४६ च्या सुमारास त्याने सुरुवात केली आणि पुन्हा सगळं बंद करून घेतलं, या वेळी दहाएक वर्षांसाठी. तो एकटा राहायचा. वरच्या खोलीत जायला लाकडी शिडी होती, ती तो वर गेल्यावर कप्पीने ओढून घ्यायचा. मरणाचा विषय त्याला चालत नसे. रस्त्यात प्रेत दिसलं तर पळ काढायचा. अशा माणसाने भिंतीवर जलप्रलय आणि मेलेल्यांचं पुन्हा उठणं रंगवायला घेतलं होतं, आणि तेही मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम निवाड्या’नंतर. पुन्हा तीच ताई, तीच शाळा.

याच काळातली त्याची एक वही उरलीय, १५५४ ते १५५६ मधली. त्यात कलेबद्दलचे थोर विचार नाहीत. काय खाल्लं ते आहे. अमुक औंस पाव, दोन अंडी, कोबी, कोकराचं मटण, ब्रॉन्झिनोकडे जेवलो. पोट बिघडलं. थंडी पडली. आणि मध्येच, आज तो हात केला. आज ते डोकं केलं. आज मांडी. शेजारी समासात काडीसारखं छोटं चित्र, कुठला हात ते कळावं म्हणून. एकदा ब्रॉन्झिनो आणि दुसरा एक मित्र येऊन दार ठोठावून गेले. याने उघडलं नाही, आणि काय काम होतं कोण जाणे, असं लिहून ठेवलं.

१५५७ च्या सुरुवातीला तो गेला. उरलेलं काम ब्रॉन्झिनोने पुरं केलं. लोकांना ते आवडलं नाही. मला यातलं काही कळत नाही, असं वाझारीने सरळ लिहिलं. अठराव्या शतकात चर्चची दुरुस्ती निघाली आणि ती भित्तिचित्रं कायमची गेली. काही तयारीची रेखाटनं आज उफिझीत आहेत, आणि ती वही फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. तिच्या समासातले काडीचे हात-पाय आजही नीट दिसतात, शेजारी त्या दिवशीच्या पावाचं वजन.